ईएलसीबी पडायचा थांबला, पण नळाला झिणझिण्या का येतात?

ताई, पूर्ण उत्तर नंतर वाचा. आधी घरातला मेन स्विच बंद करा, पायात कोरडी चप्पल घाला, कोरड्या हाताने गीझरची पिन सॉकेटमधून काढा आणि मगच मेन परत चालू करा. बाथरूमबाहेरचं नुसतं बटण बंद करून थांबू नका. जुन्या वायरिंगमध्ये ते बटण कधी कधी चुकून न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर, बसवलेलं असतं. अशा वेळी बटण बंद असलं तरी गीझरच्या कॉईलपर्यंत फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत बाजू, पोचलेला असतो.

आता तुमचा प्रश्न, बाकीच्यांनाही कळावा म्हणून, थोडक्यात मांडतो. तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता. गीझर सुरू केला की मिनिटाभरात ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडायचा आणि सगळ्या घराची लाईट जायची. तुमचे सासरे निवृत्त आहेत, घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करतात. त्यांनी व्हिडिओ पाहून ईएलसीबी बाजूला काढला आणि वायर सरळ जोडून टाकली. दोन आठवडे गरम पाणी छान आलं. परवा शॉवरच्या नळाला हात लावल्यावर तुमच्या बोटांना झिणझिण्या आल्या. सासऱ्यांनी नळाला टेस्टर लावून पाहिला, तो पेटला नाही. म्हणून त्यांचं म्हणणं, करंट नाही, ओल्या हाताला एवढं वाटतंच. तुम्ही विचारलंय की हे खरंच धोक्याचं आहे का, आणि असेल तर त्यांना न दुखावता कसं सांगायचं.

हो, धोक्याचं आहे. दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे त्याच्याकडेही येतो.

मी आयटीआयचा वीजतंत्री. सांगली-मिरज भागात सव्वीस वर्षं घरगुती वायरिंगची आणि दुरुस्तीची कामं करतो. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्या कुठल्या, हे बोलता बोलता सांगतोच. पण तुम्ही दिलेल्या माहितीतून एक गोष्ट नक्की कळते. तुमच्या घरात एक बिघाड होता, तो आजही तिथेच आहे. गेला आहे तो फक्त बिघाडाची खबर देणारा.

बाजारात आपण ज्याला अजून ईएलसीबी म्हणतो तो हल्ली बहुतेक घरांत आरसीसीबी असतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत मोजत असतो. घरासाठी लावतात तो ३० मिलिअँपिअरचा, मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. म्हणजे जाण्यात आणि येण्यात फरक पडला की तो १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेतरी खाली पडतो, आणि ३० ला तर त्याने पडायलाच हवं. तुमचा गीझर २००० वॉटचा धरला तर २३० व्होल्टला तो साधारण पावणेनऊ अँपिअर करंट घेतो. त्याच्या जवळजवळ तीनशेव्या हिश्श्याएवढी गळती झाली तरी हे यंत्र घराची लाईट बंद करतं. अनेकांना हा त्याचा चोंबडेपणा वाटतो. पण माणसाच्या अंगातून साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे करंट गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढचा करंट काही क्षण टिकला तर श्वास आणि हृदयाचे ठोके दोन्ही धोक्यात येतात. ३० हा आकडा तिथून आलेला आहे.

एमसीबी (वायरवर जास्त भार आला की लाईन तोडणारा स्विच) आहे ना, मग कशाला काळजी, असंही तुमच्या घरात कुणीतरी म्हणेल. एमसीबी वायरला सांभाळतो, माणसाला नाही. गीझरच्या लाईनवरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो. माणूस मरायला त्याचा शंभरावा हिस्साही पुष्कळ झाला.

गीझरच्या आत काय झालं असावं ते सांगतो. कॉईल म्हणजे तांब्याची किंवा तत्सम धातूची नळी, तिच्या आत बारीक तापणारी तार, आणि तार नळीला चिकटू नये म्हणून मधे ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. दोन-तीन वर्षांत नळीवर क्षाराचा पांढरा थर बसतो, त्या थराखाली नळी नको तेवढी तापते, आणि एक दिवस तिला केसाएवढी चीर जाते. पाणी आत शिरलं की भुकटी ओली होते आणि करंट पाण्यात, टाकीत उतरायला लागतो. गीझर सुरू केल्या केल्या नव्हे, तर मिनिटाभराने ईएलसीबी पडायचा असं तुम्ही लिहिलंय, ते या दुखण्याशी जुळतं.

आता टेस्टर का पेटला नाही ते. टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला सत्तर-ऐंशी व्होल्ट तरी लागतात. समजा तुमच्या गीझरमधून अर्धा अँपिअर गळतो आहे आणि तुमच्या इमारतीचं अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, कमजोर आहे, तिचा रोध (करंटला होणारा अडथळा) १०० ओहम. मग टाकीवर आणि नळावर ५० व्होल्ट उभे राहतात. टेस्टर ५० व्होल्टला गप्प राहील. पण ओल्या, साबण लावलेल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो, आणि मग हिशोब ५० मिलिअँपिअरचा होतो. सासऱ्यांनी टेस्टर लावून पाहिला ही चांगली सवय आहे. फक्त तो टेस्टर या प्रश्नाचं उत्तर द्यायला बनवलेलाच नाही.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्याकडे वेगळे निघतील. पण झिणझिण्या आल्या याचा अर्थ अर्थिंगही धड नाही, हे मी बऱ्याच खात्रीने सांगतो. अर्थिंग भक्कम असतं तर गळणारा करंट मुकाट्याने जमिनीत गेला असता आणि तुमच्या बोटांना काही कळलं नसतं. म्हणजे तुमच्याकडे कॉईल फुटली, अर्थिंग अशक्त झालं आणि आरसीसीबी निघाला, अशा तीन गोष्टी एकाच वेळी एकत्र आल्यात. यातली एकेकटी गोष्ट सहसा जीव घेत नाही. तिन्ही एकत्र असलेल्या घरात मी कुणाला अंघोळीला जाऊ देणार नाही. उद्या अर्थिंगची ती अशक्त वायरही सुटली, तर नळावर ५० नव्हे, थेट २३० पर्यंत व्होल्ट येतील, आणि तेव्हाही एमसीबी वरच राहील.

अर्थिंग कशामुळे कमजोर असेल हे मात्र पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. सोसायटीच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. उन्हाळ्यात माती सुकली की रोध वाढतो. काळ्या मातीत जे अर्थिंग बरं चालतं ते मुरमात किंवा कोकणातल्या जांभ्यात तेवढ्याच खड्ड्यात चालत नाही. काही जुन्या इमारतींत तर तिसऱ्या पिनच्या भोकात वायरच आलेली नसते, भोक नुसतं शोभेला असतं.

आणि इथे एक जुगाड आहे, तो तुमच्याकडे केलेला नाही ना हे आवर्जून बघा. अर्थिंगची वायर आलेली नसली की काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून छोटी वायर घेऊन अर्थच्या टोकाला जोडतात. टेस्ट दिव्याने पाहिलं तर दिवा झक्क पेटतो, अर्थिंग मिळालं असं वाटतं. पण मागे कुठेही न्यूट्रल सुटला की फेज त्या उपकरणातून फिरून त्याच्याच पत्र्यावर येतो. गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, जे जे त्या बोर्डवर असेल त्याचं अंग जिवंत होतं. आरसीसीबी असलेल्या घरात हा जुगाड बऱ्याचदा टिकत नाही, कारण उपकरणाचा पत्रा कुठूनही जमिनीला लागला की न्यूट्रलचा काही करंट तिकडून जातो आणि तो पडतो. म्हणून ज्या घरात आरसीसीबी बायपास केलेला दिसतो, तिथे मी हा जोड आधी शोधतो. अनेकदा सापडतो.

तुम्ही घरच्या दुरुस्त्यांच्या गमतींबद्दलही लिहिलंय, सासऱ्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून अख्खं घर कसं चालवलं ते. वाचताना मला हसू आलं आणि आपुलकीही वाटली. माझ्याकडे अशा घरांच्या आठवणींचा साठा आहे. त्यातलं एक घर तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते तुमच्या घरासारखंच होतं.

वॉशिंग मशीनला हात लावला की झटका बसायचा. घरातल्या काकांनी कुणाचं तरी ऐकून मशीनच्या पत्र्यापासून एक वायर काढली आणि शेजारच्या नळाला गुंडाळली. त्यांच्या लहानपणी हे चालायचं, कारण तेव्हा जीआय (लोखंडी) पाईप थेट जमिनीत जायचा. पण घराचं प्लंबिंग नवीन केलेलं, सगळे पाईप प्लास्टिकचे. त्या वायरने करंट जमिनीत नेला नाही, नळापर्यंत नेऊन सोडला. मी गेलो तेव्हा या गोष्टीला आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत त्या घराने त्या नळाशी जुळवून घेतलं होतं. आजी लाकडी पाटावर उभ्या राहून नळ सोडायच्या. सूनबाई प्लास्टिकच्या मगाच्या कडेने नळाची मूठ फिरवायच्या. मुलगा उडी मारून, पाय जमिनीवर नसताना नळ बंद करायचा, आणि ते त्याने मला मोठ्या अभिमानाने करून दाखवलं. काका म्हणाले, काही त्रास नाही हो, फक्त पद्धत माहीत पाहिजे. आम्ही सगळे हसलो, मीही मनापासून हसलो. मग मी विचारलं, मला बोलावलं कशाला? तेव्हा घर गप्प झालं. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. तिला पद्धत माहीत नव्हती. अनवाणी गेली, नळ धरला, मागे फेकली गेली आणि कठड्यावर डोकं आपटलं. चार टाके पडले. हात चिकटला नाही, फेकली गेली, एवढं नशीब.

त्या घरातली माणसं मूर्ख नव्हती. रोज लागणाऱ्या छोट्या झटक्याची माणसाला सवय होते, आणि झटका म्हणजे इशारा आहे हेच विसरायला होतं. तुमच्याकडे "ओल्या हाताला एवढं वाटतंच" हे वाक्य आलं, तिथे मी थबकलो ते यामुळे. ओल्या हाताला नळाचा करंट कधीच वाटायला नको. किंचितही नको.

घरी केलेल्या दुरुस्तीकडे पाहताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: यात बिघाड गेला, की बिघाड सांगणारा गेला? पंख्याचा कपॅसिटर बदलला, पंखा पळायला लागला, तिथे बिघाड गेला. फ्यूज सारखा उडतो म्हणून पोर्सिलीनच्या किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खाचेत) फ्यूज वायरीऐवजी तांब्याच्या वायरीचे आठ-दहा पदर पिळून भरले, तिथे सांगणारा गेला. वायरवरचा भार तेवढाच राहिला, फक्त आता वितळण्याची पाळी भिंतीतल्या वायरीची आहे. एका जुन्या वाड्यात मी किटकॅट उघडला तर आत चक्क खिळा होता. मालक कौतुकाने म्हणाले, सहा वर्षांत एकदा उडाला नाही. मी लाकडी केसिंग-कॅपिंगची पट्टी काढून दाखवली. आतल्या वायरीवरचं रबर जळून कोळशासारखं झालं होतं, बोट लावलं की गळत होतं. पट्टीच्या आतल्या बाजूला लाकूडही काळं पडलेलं. त्यांनी त्याच दिवशी वाड्याचं वायरिंग बदलायला सांगितलं, मला दुसरं काही बोलावं लागलं नाही.

गीझरच्या बाबतीत याच जातीची आणखी एक चूक होते. गीझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं आणि लोक त्याला एम-सील लावून बंद करतात. आता थेंब दिसत नाही, फरशी कोरडी राहते, सगळे खूश. पण २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ पर्यंत तापलं की फुगून अर्धा लिटरच्या आसपास जास्त जागा मागतं. पाणी येण्याच्या बाजूला उलटा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो, तेव्हा त्या अर्ध्या लिटराला बाहेर पडायला ठिबकणारा व्हॉल्व्ह हीच वाट असते. ती बंद केली, आणि पुढे कधी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की कॉईल बंद करणारा भाग) चिकटून कॉईल चालूच राहिली, तर टाकीत शंभर अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली कोंडलं जातं. टाकी फाटली की त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. बाथरूमची भिंत बाहेर पडलेली मी एकदा पाहिली आहे. दुपारची वेळ होती, आत कुणी नव्हतं. तुमचा गीझर उघडलाच आहे तर हा व्हॉल्व्हही तपासून घ्या. व्हॉल्व्ह सतत धार धरत असेल तर तो बदलायचा, बुजवायचा नाही.

सगळंच वायरमनवर सोपवा, असं मी कधीच म्हणत नाही. माणसाने आपल्या घराला हात लावावा. नळाचा वायसर, फ्लशचा फ्लोट, टेफ्लॉन टेप, इस्त्रीची वायर, थ्री-पिन टॉप ही कामं सासरे माझ्यापेक्षा निगुतीने करत असतील. बंद पडला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मिक्सरपैकी कितीतरी मिक्सरचं फक्त तळाचं लाल बटण उडालेलं असतं. ते दाबलं की चालू. लोक त्यासाठी पिशवीत भांड्यासकट मिक्सर घेऊन गावभर फिरतात. हे एवढं सगळ्यांना माहीत असावं असं मला वाटतं. मात्र तेच बटण पुन्हा पुन्हा उडायला लागलं, तर ते दाबत बसू नये.

टॉप बसवताना एक गोष्ट चुकते ती इथेच सांगतो. उपकरणाच्या दोरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. पण घराच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल काळा असतो आणि थ्री-फेज घरात लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेज असतात. म्हणजे दोरीतला निळा निरुपद्रवी आणि भिंतीतला निळा जिवंत असू शकतो. रंगावर विश्वास ठेवून भिंतीच्या आत हात घालू नये. आणि टॉपची तिसरी पिन लांब असते ती उगाच नाही. लांब असल्यामुळे ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे फेज येण्याआधी अर्थ आलेला असतो. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापून टाकलेले टॉप मी पाहिलेत. टॉपच नाही म्हणून उघड्या वायरी भोकात घालून आगपेटीच्या काड्या खोचलेल्या तर शेकड्याने पाहिल्यात.

इन्व्हर्टर असेल तर अजून एक लक्षात ठेवायला सांगा. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपलं काम सुरू करतो. आमच्या एका गिऱ्हाइकाने मेन बंद करून, शहाण्यासारखं सगळं पाहून पंख्याचा कपॅसिटर बदलायला घेतला. पंखा इन्व्हर्टरच्या लाईनवर होता. झटक्याने ते स्टुलावरून खाली आले ते नेमके पलंगावरच्या गादीवर, हातात पंख्याची वाटी तशीच. घरात अजून त्या प्रसंगावरून हसतात, कारण खाली गादी होती. तेव्हापासून त्यांनी इन्व्हर्टरच्या बटणावर लाल टेप लावून "आधी मला" असं लिहून ठेवलंय. मला ती युक्ती इतकी आवडली की आता मी इतरांनाही तीच सांगतो.

आता तुमच्याकडे काय करून घ्यायचं. परवानाधारक वायरमन बोलवा आणि येताना मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, घेऊन यायला सांगा. नुसता टेस्टर घेऊन येणारा नको. गीझरची पिन काढून फेज-न्यूट्रलच्या जोडापासून अर्थच्या पिनपर्यंत ५०० व्होल्टच्या मेगरने रोध मोजायचा. १ मेगाओहमच्या खाली आला तर मी कॉईल बदलतो. फुटलेल्या कॉईलचा आकडा बहुतेक वेळा शून्याजवळ येतो, तेव्हा वाद उरत नाही. मग बाथरूमच्या सॉकेटमधल्या अर्थच्या टोकापासून डीबीपर्यंत (घरातल्या एमसीबींच्या पेटीपर्यंत) वायर अखंड आहे का ते बघायचं, तिथून सोसायटीच्या खड्ड्यापर्यंतचं अर्थिंग मोजायचं. सॉकेट १६ अँपिअरचं आहे ना, त्याच्या आत पिना जळून काळ्या झाल्यात का, हेही. हे सगळं झाल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी परत बसवायचा, आणि बसवल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो हे तुमच्यासमोर पाहायचं. पुढे महिन्यातून एकदा तुम्हीच दाबत जा. एवढं ध्यानात ठेवा की त्या बटणाने आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. घरात अर्थिंग अजिबात नसलं तरी ते बटण दाबल्यावर तो पडतोच.

सगळं करूनही आरसीसीबी पडत राहिला, तर? असं होऊ शकतं. पावसाळ्यात बाहेरच्या बेलमध्ये ओल जाते. इन्व्हर्टर बसवताना दोन लाईनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. क्वचित आरसीसीबीच म्हातारा झालेला असतो. सगळे एमसीबी खाली करून एकेक वर करत गेलं की बहुतेक वेळा चोर सापडतो. पण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे अर्थला लागला असेल तर एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडेल आणि शोधणारा गोंधळेल. तिथे वायरमनला वेळ द्या, घाई करू नका.

फ्लॅट भाड्याचा आहे, म्हणून घरमालकांना आजच मेसेज करा: गीझरमधून करंट गळतोय, अर्थिंग तपासायचं आहे. तोंडी नको, लिहून पाठवा. गीझर मालकांचा, अर्थिंग इमारतीचं. हा खर्च तुमच्या एकट्याच्या अंगावर यायला नको.

आता सासऱ्यांबद्दल. ज्या पिढीने स्टोव्हला पिन मारून, रेडिओच्या डायलचा दोरा ओवून, पंपाचं चामडं तेलात भिजवून संसार केला, त्या पिढीतले ते असणार. माझे वडील तसेच होते. त्या वस्तूंचा बिघाड डोळ्यांना दिसायचा, कानाला ऐकू यायचा, आणि दुरुस्ती जमली की वस्तू चालायची. वस्तू चालली म्हणजे दुरुस्ती झाली, हा त्यांचा अनुभव खरा आहे. गळणारा करंट मात्र दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि गीझर तर चालतोच आहे. त्यामुळे त्यांना चूक दाखवायला जाऊ नका. वायरमन येईल त्या वेळी ते घरी असतील असं बघा आणि मेगर त्यांच्या हातात द्यायला सांगा. मी अशा घरांत नेहमी असंच करतो. प्रोब त्यांनाच लावू देतो, आकडा त्यांनाच वाचू देतो. आयुष्यभर हाताने काम केलेला माणूस मोजलेला आकडा मानतो. मग फुटलेली कॉईल त्यांच्यासमोर बाहेर काढा. नळीवरची ती चीर आणि ओली भुकटी पाहिल्यावर पुढची कॉईल ते स्वतः बसवायला घेतील. वॉशर नीट बसला आहे का, जोड घट्ट झालेत का, हे तेच बघतील, आणि त्यांनी ते करावं. फक्त पाणी भरल्यावर मेगर पुन्हा एकदा लावायचा, आरसीसीबी चालू असताना गीझर सुरू करायचा, आणि पहिली अंघोळ पूर्ण एक दिवस तो न पडता चालल्यावरच.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, सांगून ठेवा. कुणाला करंट लागून हात चिकटला तर त्याला धरायला धावायचं नाही, आधी मेन पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला ढकलायचं. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करायचं आणि १०८ ला फोन लावायचा. माझ्या कामाच्या काळात अशा दोन घरांत मी नंतर गेलोय, लाईट परत जोडून द्यायला. त्यातल्या एका घरात मदतीला धावलेला माणूसही गेला होता.

गीझर दुरुस्त होईपर्यंत पाणी गॅसवर तापवा. बादलीत टाकायचा रॉड मात्र सध्या आणू नका. तुमच्या घरात आरसीसीबी नाही, अर्थिंगचा भरवसा नाही, आणि पाणी तापलं का हे बोट बुडवून बघायची सवय सगळ्यांनाच असते. मेगरचा आकडा किती आला आणि तिसऱ्या पिनच्या मागे वायर निघाली का, हे मला नक्की कळवा, म्हणजे अर्थिंगचं पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येईल.